बरोक कॉन्चेर्तो, सतरा मुलं आणि एकही व्हिओला नाही: मांडणी कशी करू?

गिरणाकाठ | ६ सप्टेंबर, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. जळगावात माझा व्हायोलिनचा क्लास आहे, सहा वर्षं झाली. एका शाळेने जानेवारीच्या स्नेहसंमेलनात आम्हाला पंधरा मिनिटं दिली आहेत. 'मुलांचं काहीतरी बसवा' एवढंच त्यांचं म्हणणं. दरवर्षी आम्ही एक प्रार्थना आणि दोन सिनेमाची गाणी वाजवतो. यंदा मला तेवढ्यावर थांबायचं नाही. नववीतली एक मुलगी विवाल्दी या इटालियन संगीतकाराचा ए मायनर कॉन्चेर्तो (एक सोलो वाद्य आणि साथीला वाद्यवृंद, अशी तीनशे वर्षांपूर्वीच्या बरोक काळातली रचना), ऑपस ३ या संग्रहातला सहावा, फार मनापासून शिकली आहे. आजवर तिने तो मोबाइलमधल्या पियानोच्या साथीवर वाजवला. तिच्याबरोबर शिकणारी मुलंच तिला साथ करताहेत, असं मला एकदा तरी ऐकायचं आहे.

आता घरातलं सामान सांगते. एकूण मुलं सतरा. एक ती, सोलो. बारा व्हायोलिन: त्यातल्या चौघांना तिसरी पोझिशन येते, पाच जण पहिल्या पोझिशनमध्ये सुरात वाजवतात, तिघं याच जूनमध्ये आलेली. दोन चेलो. उरलेली दोघं आधी हिंदुस्थानी व्हायोलिन शिकलेली, मांडी घालून वाजवतात, तारा सा-प-सा-प. व्हिओला (व्हायोलिनचा खालच्या आवाजाचा मोठा भाऊ) नाही, डबल बास नाही, हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कळफलकाचं वाद्य) तर आम्ही चित्रातच पाहिलं.

इंटरनेटवर मिळालेले मूळ पार्ट (प्रत्येक वाद्याची वेगळी स्वरलिपी) ऑगस्टमध्ये वाटले. तीन रविवार गेले. पुढची चार मुलं वाजवतात आणि बाकीची गज हातात धरून त्यांच्याकडे बघत बसतात. मुंबईतल्या एका ओळखीच्या वादकांना विचारलं, तर म्हणाले, "आहे तसं जमत नसेल तर वाजवू नका, विवाल्दीची मोडतोड करू नका." ते शब्द मनातून जात नाहीत. तर प्रश्न दोन. अशी काटछाट करणं योग्य आहे का? आणि करायची, तर सुरुवात कुठून करू?

भुसावळ_जंक्शन | ६ सप्टेंबर, रात्री १०.२०

ताई, आधी एक तपासा. मुलगी व्हायोलिन शिकवायच्या सुझुकी मालिकेच्या चौथ्या पुस्तकातून शिकली का? त्यात या कॉन्चेर्तोचा पहिला आणि तिसरा भाग आहे, पण तो तिवादार नाचेझ या हंगेरियन वादकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपादित केलेल्या प्रतीवरून घेतलेला आहे. नाचेझने सोलोत बरेच बदल केले होते. तुम्ही उतरवून घेतलेले पार्ट मूळ विवाल्दीचे असतील तर सोलो आणि साथ मध्येच एकमेकांना सोडतील, आणि तुम्हाला वाटेल मुलंच चुकताहेत.

गिरणाकाठ | ६ सप्टेंबर, रात्री १०.४५

@भुसावळ_जंक्शन, दादा, अगदी हेच होतंय! एका ठिकाणी दर वेळी गाडी रुळावरून घसरते आणि मी त्या दोन चेलोवाल्यांना मोजायला सांगून सांगून थकले. उद्या दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघते. त्या पोरांना सॉरी म्हणायला लागणार.

वांग्याचं_भरीत | ७ सप्टेंबर, सकाळी ७.१०

सतरा जणांत एकही व्हिओला नाही म्हणजे पंगतीत सगळे जेवायला बसले आणि वाढायला कुणीच नाही. :)

पांझरा | ७ सप्टेंबर, सकाळी ११.३०

माझं मत वेगळं. कॉन्चेर्तो कापण्यापेक्षा कापावा लागणार नाही असा निवडा. कोरेल्ली या दुसऱ्या इटालियन संगीतकाराचे ऑपस ६ चे बारा कॉन्चेर्ती ग्रोस्सी (छोटा गट आणि मोठा ताफा आलटून पालटून वाजवतात अशा रचना) बघा. १७१४ साली, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यांच्या मुखपृष्ठावरच लिहिलंय की दोन व्हायोलिन आणि एक चेलो हे आवश्यक, बाकीचा मोठा ताफा ऐच्छिक, आणि तो हवा तर दुप्पट करा. तुमच्यासारख्या क्लाससाठीच केलेली सोय म्हणा ना. अवघड काम त्या तिघांकडे, सोपं आणि भरीव काम बाकी सगळ्यांकडे.

त्यातला आठवा, नाताळच्या रात्रीसाठीचा, त्याचा शेवट 'पास्तोराले' आहे. मेंढपाळांचं संगीत. खाली एक सूर लांब धरलेला आणि वर झुलणारी चाल. तुमची ती सा-प-सा-प वाली दोघं तिथे तानपुऱ्यासारखी बसतील. मी धुळ्यात घरच्या घरी पाच जणांत वाजवून पाहिलंय, आमच्या आईने पाळणा आहे का विचारलं.

आणि चेलोही नसता, तर टेलेमानचे चार व्हायोलिनचे कॉन्चेर्तो आहेत. चारच व्हायोलिन, खाली बास नाहीच. हा पर्याय सगळ्या व्हायोलिनच्या क्लासवाल्यांनी वहीत लिहून ठेवावा असा आहे.

षड्ज_पंचम | ७ सप्टेंबर, दुपारी ४.१५

मी शहाद्याकडचा, तीस वर्षं हिंदुस्थानी व्हायोलिन शिकवतो. राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो. ज्या मुलांचा अजून यमन पक्का नाही त्यांना इटलीतल्या तीनशे वर्षांपूर्वीच्या बंदिशी कशाला? आणि ती दोन मुलं, ज्यांच्या हाताला मींड बसली आहे, त्यांना तुम्ही उभं करून, हनुवटीखाली व्हायोलिन देऊन बिघडवणार. आमच्याकडे बोट तारेवरून सरकतं, तुमच्याकडे ते ठरल्या जागी पडतं. दोन्ही सवयी एका हातात मावत नाहीत.

गिरणाकाठ | ७ सप्टेंबर, रात्री ९.०५

@षड्ज_पंचम, गुरुजी, त्या दोघांना उभं करणार नाही, हे आधीच सांगते. पुढे बैठक घालून बसतील. आवाज गजातून येतो, बसण्यातून नाही. पण तुमचा मुद्दा मला नीट समजून घ्यायचा आहे. त्यातल्या धाकट्याने परवा पहिली ओळ ऐकून विचारलं, "मॅडम, हा कीरवाणी आहे का?" पांढरी सहाचा सा धरला तर गंधार-धैवत कोमल आणि निषाद शुद्ध, त्यामुळे त्याला तसं वाटलं. मला फार आनंद झाला. पण चार ओळींनंतर तो हरवला. असं का होतं?

षड्ज_पंचम | ७ सप्टेंबर, रात्री १०.३०

पोराचा कान चांगला आहे. तो का हरवला ते सांगतो, कारण तरुणपणी मीही रेकॉर्ड ऐकताना असाच हरवायचो. आमचा षड्ज हलत नाही. तुमच्या या संगीतात चार ओळींत षड्जच दुसऱ्या घरी राहायला जातो. ए वरून सी वर. मूर्च्छना म्हणा हवं तर, सूर तेच पण सा दुसरा. मुलगा जुन्या सा वरून मोजत राहतो आणि सगळे सूर त्याला परके वाटतात. त्याला वरची चाल शिकवू नका. चेलोची खालची ओळ गायला शिकवा. सा कुठे गेला ते खालची ओळ सांगते.

विरोध माझा अजून आहे. पण पोराला एवढं सांगा.

तिसरं_व्हायोलिन | ८ सप्टेंबर, सकाळी ८.४०

मूळचा अमळनेरचा, आता पुण्यात. शाळकरी वाद्यवृंदांसाठी पार्ट लिहिण्याचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या हातात फार चांगला पत्ता आहे, तो म्हणजे ए मायनर. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. आता या स्वरातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-तीन सूर, घ्या. ए मायनरमध्ये ए आणि ई आहेत. डी मायनरमध्ये डी आणि ए. ई मेजरमध्ये ई. सी मेजरमध्ये जी आणि ई. एफ मेजरमध्ये ए. जी मेजरमध्ये जी आणि डी. बी डिमिनिश्डमध्येसुद्धा डी सापडतो. एकही कॉर्ड असा नाही की ज्यात मोकळी तार नाही. म्हणजे जूनमध्ये आलेली तुमची तीन मुलं डावा हात न वापरता सगळे रितोर्नेल्लो (सगळ्यांनी मिळून वाजवायचे, पुन्हा पुन्हा परत येणारे भाग) वाजवू शकतात. त्यांना सी आणि एफ नॅचरलसाठी दुसरं बोट मागे ओढायला अजून शिकवलं नसेल, बहुतेक क्लासमध्ये आधी सी शार्प आणि एफ शार्प येतात. म्हणून या मुलांना अर्धवट येणारे सूर देऊ नका. मोकळ्या तारा द्या आणि लय मात्र पक्की, मूळ संगीतातली द्या. सी आणि जी कॉर्डच्या वेळी कुठली तार हे लिहून ठेवा, नाहीतर तिघं तीन तारा निवडतील.

व्हिओलाचं काम तिसऱ्या व्हायोलिनला द्या, ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनवाले वाचतात त्या लिपीत लिहून. व्हिओलाची खालची तार सी, व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली. जी च्या खाली गेलेले सूर वर उचलावे लागतात. नवखे लोक इथे फक्त तेवढाच एक सूर सप्तकभर वर उचलतात आणि ओळ बेडकासारखी उड्या मारते. उचलायचं तर आख्खं वाक्य उचला, वाक्याच्या सुरुवातीपासून. उचलल्यावर ते दुसऱ्या व्हायोलिनच्या वर जाऊन चालीला झाकत असेल तर उचलू नका, त्याच कॉर्डमधला दुसरा सूर शोधा. साध्या व्हायोलिनवर व्हिओलाच्या सी-जी-डी-ए तारा चढवण्याचीही एक युक्ती आहे, छोट्या मापाचे संच मिळतात. पण व्हायोलिनचं खोकं लहान असल्याने सी तारेचा आवाज पोकळ निघतो. एकाच मुलाला द्यायची असेल तर करून बघा.

आता धावत्या जागा. सोळांश सुरांच्या ओळी पाच मुलांना जमणार नाहीत. त्या सोप्या करण्याआधी वाटून बघा. पहिला गट पहिले दोन ठोके, दुसरा पुढचे दोन. एकच नियम पाळा: पहिल्या गटाने जिथे थांबायचं तो सूर आणि दुसऱ्याने जिथे सुरू करायचं तो सूर एकच ठेवा, दोघांनी मिळून वाजवायचा. मग जोड ऐकू येत नाही. त्यानंतरही जमलं नाही तर ठोक्यावरचा सूर आणि जिथे कॉर्ड बदलतो तो सूर ठेवून मधले काढा.

बास मात्र काढू नका, पातळही करू नका. वरचं कितीही सोपं झालं तरी खाली चेलो चालत राहिला की ते विवाल्दी राहतं. बास गेला की बडबडगीत होतं.

आणि सोलोच्या जागी सगळ्यांना वाजवू देऊ नका. प्रत्येक पार्टमधून दोघं पुरे. बाकीच्यांनी थांबायचं. हे मी मुलं कमी पडतात म्हणून नाही सांगत, या संगीताची चवच त्यात आहे. थोडे, मग सगळे, मग पुन्हा थोडे.

काळी_पाच | ८ सप्टेंबर, दुपारी १.००

हार्पसिकॉर्डचं काय, कुणीच बोललं नाही. पेटी घ्या की! खान्देशात भजनी मंडळ नाही असं गाव नाही आणि पेटी नाही असं भजनी मंडळ नाही.

मी वाजवून पाहिलंय, म्हणून अडचणीही सांगते. पेटीचा सूर धरला की धरलाच राहतो, हार्पसिकॉर्डसारखा विरत नाही. म्हणून कॉर्ड दाबला की लगेच सोडायचा, ठोक्याच्या निम्म्यावर. नाहीतर सगळ्या व्हायोलिनवर गोधडी पडते. दुसरं, हार्पसिकॉर्डवाला डाव्या हाताने बास आणि उजव्याने कॉर्ड वाजवतो. आपला डावा हात भात्यावर असतो. तेव्हा बास पूर्ण चेलोवर सोडायचा आणि उजव्या हाताने तीन सुरांचे कॉर्ड, तेही मध्य सप्तकात, सोलोच्या खाली. जुन्या संगीत नाटकांच्या काळातला पायपेटीचा ऑर्गन कुणाकडे असेल तर दोन्ही हात मोकळे मिळतील. तिसरं, तालमीच्या आधी पेटीचा ए आणि ट्यूनरचा ए एक आहे का बघा. पेटी ऐन वेळी बदलता येत नाही, व्हायोलिनलाच तिच्याशी जुळवावं लागतं.

कुठला कॉर्ड वाजवायचा हे सांगायला बासच्या सुरांखाली जे आकडे छापलेले असतात ते घाबरण्यासारखे नाहीत. आकडा नसेल तर बासच्या सुरावर तिसरा आणि पाचवा. ६ असेल तर तिसरा आणि सहावा. ७ असेल तर सातवा वाढवायचा. ४ नंतर ३ असेल तर चौथा धरून तिसऱ्यावर उतरायचं. भजनात जिने अभंगाला साथ केली आहे ती पेटीवाली हे आठवड्यात शिकते. मी तीन दिवसांत शिकले.

बँडवाल्याचा_पोऱ्या | ८ सप्टेंबर, रात्री ११.१५

मी पारोळ्याकडचा. आमचा लग्नाचा बँड, आजोबांपासून. बरोकबिरोक माहीत नव्हतं, धागा वाचला आणि तो कॉन्चेर्तो इंटरनेटवर ऐकला. आवडलं. विशेषतः ती पहिली ओळ पुन्हा पुन्हा परत येते ते. आमच्या गाण्यात मुखडा येतो तसंच.

सांगायचं ते वेगळंच. आमच्या आप्पांना स्टाफ नोटेशन येत नाही. नवीन गाणं आलं की रेडिओवर दहा वेळा ऐकतात आणि वहीत सरगम लिहून अठरा जणांना वाटून देतात. गाण्यात व्हायोलिनचा ताफा असला की ते क्लॅरिनेटला, खालचं युफोनियमला. दरवर्षी सीझनला दोन-तीन पोरं एकदम कोरी येतात, शेतातलं काम संपलं की. त्यांच्या हातात ट्रम्पेट द्यायचं आणि दहा दिवसांत वरातीत उभं करायचं. आप्पा म्हणतात, "जेले तीन सूर येतस तेले तीनच देवाना. पन त्या तीनबिगर गानं उभं ऱ्हावाले नको." म्हणजे ते तीन सूर अशा जागी देतात की पोरगं चुकलं तर सगळ्यांना कळेल आणि वाजलं तर सगळ्यांना बरं वाटेल. मागे उभं करून नुसतं तोंड हलवायला कधीच लावत नाहीत. तसं केलं तर पुढच्या सीझनला पोरगं येत नाही.

गिरणाकाठ | ८ सप्टेंबर, रात्री ११.४०

@बँडवाल्याचा_पोऱ्या, भाऊ, आप्पांना माझा नमस्कार सांग. तुझी पोस्ट दोनदा वाचली. ऑगस्टमध्ये मी नेमकं त्याच्या उलट केलं होतं.

वांग्याचं_भरीत | ९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

डबल बास नाही ना? पारोळ्याहून युफोनियम मागवा. वीज गेली तरी गिरणेच्या पलीकडे ऐकू जाईल.

बँडवाल्याचा_पोऱ्या | ९ सप्टेंबर, सकाळी ८.००

जाईलच :) पण व्हायोलिन ऐकू येणार नाहीत. युफोनियमला हळू वाजवायला सांगितलं की त्याला राग येतो. क्लॅरिनेट चालेल. ते बी फ्लॅटचं असतं, तुमचं ए मायनर त्याला बी मायनर लिहून द्यावं लागेल. सरगम दिली तर तेही नको, फक्त सा कुठला ते सांगा.

भुसावळ_जंक्शन | ९ सप्टेंबर, दुपारी २.२०

थोडं विषयांतर, पण खान्देशातल्या प्रत्येक व्हायोलिनवाल्याने वाचावं. तुम्ही तालमी आता सुरू करताय ते उत्तम. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी फुफाट. लाकूड आकसतं, खुंट्या सैल पडून आपोआप फिरतात, आणि वरच्या पाटीचा जोड उकलतो. ते सरस मुद्दामच कमजोर ठेवलेलं असतं, म्हणजे लाकूड फाटण्याऐवजी जोड सुटावा. तेव्हा घरी फेव्हिकॉल लावू नका, कुणीही! नंतर दुरुस्त करणारा तो जोड पुन्हा उघडू शकत नाही. आणि कूलरच्या झोतात व्हायोलिन ठेवू नका, एका बाजूने ओल आणि दुसऱ्या बाजूने लू. कपाटात, मऊ कापडात. एका उन्हाळ्यात माझा चेलो बंद गाडीत दोन तास राहिला, त्याची राळ विरघळून गजाच्या केसांना चिकटली होती आणि गळ्याचा जोड हलला होता. त्या दुरुस्तीसाठी तो महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला नेला, सीटवर मी आणि वरच्या बर्थवर तो.

पांझरा | ९ सप्टेंबर, दुपारी ३.००

सरसाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या बहिणीच्या व्हायोलिनला मी फेव्हिकॉलच लावला होता.

मूळ_प्रत | १० सप्टेंबर, रात्री ९.३०

सगळं वाचलं. गिरणाकाठ ताईंना मुंबईत जे सांगितलं गेलं ते कठोर शब्दांत होतं, पण त्यामागे काळजी आहे, ती मलाही वाटते. आजकाल 'सोपी आवृत्ती' म्हणून जे मिळतं त्यात मधल्या आवाजांना काही जीवच नसतो, सगळे एकाच चालीवर, खाली ढुम ढुम. एकदा मी विवाल्दीच्या 'हिवाळा' या कॉन्चेर्तोतला लार्गो, म्हणजे संथ भाग, डी मेजरमध्ये ऐकला. मूळ ई फ्लॅट मेजर. व्हायोलिन बोटांनी छेडतात, पावसाचे थेंब, आणि वर सोलो. ई फ्लॅटमध्ये मोकळ्या तारा कमी लागतात, म्हणून तो आवाज जरा झाकलेला, घरात शेकोटीपाशी बसल्यासारखा वाटतो. डी मध्ये तोच उघडा, चकचकीत झाला. हा बदल लहान नाही.

पांझरा | १० सप्टेंबर, रात्री १०.१०

मान्य. पण विवाल्दीच्याच काळातला जर्मन संगीतकार बाख काय करत होता? ई मेजरचा व्हायोलिन कॉन्चेर्तो हार्पसिकॉर्डसाठी लिहिताना त्याने डी मेजरमध्ये आणला. ए मायनरचा जी मायनरमध्ये. दोन व्हायोलिनचा डी मायनरचा सी मायनरमध्ये. प्रत्येक वेळी एक सूर खाली, कारण त्याच्या हार्पसिकॉर्डला वरचा ई नव्हता. वाद्य जसं हातात आहे तसं संगीत त्याने बसवलं. आणि विवाल्दीचा ऑपस ३ मधला चार व्हायोलिनचा दहावा कॉन्चेर्तो त्याने चार हार्पसिकॉर्डसाठी केला, तोही बी मायनरमधून ए मायनरमध्ये. ऑपस ३ छापला १७११ मध्ये, तेव्हापासून लोक त्याची मांडणी करताहेत.

विवाल्दीचं स्वतःचं बघा. व्हेनिसच्या पिएता अनाथालयात तो १७०३ पासून मुलींना व्हायोलिन शिकवत होता. १७२३ मध्ये तर महिन्याला दोन कॉन्चेर्तो द्यायचे असं संस्थेशी ठरलं होतं. समोर ज्या मुली असतील त्यांच्या हातांना बघून लिहिणारा माणूस तो. आपल्या ताईंच्या मुलांकडे बघून त्याने नाक मुरडलं असतं असं मला वाटत नाही.

मूळ_प्रत | १० सप्टेंबर, रात्री ११.००

बाखने सूर खाली आणला तेव्हा डावा हात नव्याने लिहिला, नक्षी नव्याने लिहिली. नुसतं म्यूझस्कोर या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे. मांडणी करायची तर प्रत्येक पार्ट स्वतः वाजवून बघा, आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'विद्यार्थी वाद्यवृंदासाठी मांडणी' असं लिहा. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे.

आणि ताई, तुम्ही निवडलेल्या ए मायनरला हात लावू नका. तिसरं_व्हायोलिन यांनी मोकळ्या तारांचं जे लिहिलं आहे ते अगदी बरोबर आहे.

सातपुडा | ११ सप्टेंबर, सकाळी १०.००

मुलांना पार्ट झेरॉक्स करून दिले तर कायद्याचं काय?

तिसरं_व्हायोलिन | ११ सप्टेंबर, सकाळी १०.४५

विवाल्दी १७४१ मध्ये गेला, त्याच्या संगीतावर कुणाचा हक्क नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. पण आजच्या प्रकाशकाने घातलेली बोटं, गजाच्या खुणा, लिहून दिलेले कॉर्ड यांच्यावर त्यांचा हक्क असू शकतो. म्हणून आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या मोफत संकेतस्थळावरची जुनी प्रत घ्या, तिच्यावरून स्वतः लिहा. विकत मिळणाऱ्या पुस्तकाची झेरॉक्स नको.

गिरणाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बरेच दिवस इथे फिरकले नाही, दिवाळीही होती. काय काय झालं ते सांगते.

नाचेझचं खरं निघालं. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि तिने शिकलेल्या सोलोप्रमाणे साथ पुन्हा लिहिली. दोन रात्री लागल्या. चेलोवाल्या दोघांना भजी खाऊ घातली.

तीन नवी मुलं मोकळ्या तारा वाजवतात. आप्पांचं ऐकून मी त्यांना मागच्या रांगेतून काढून चेलोच्या शेजारी बसवलं. पहिल्या रितोर्नेल्लोचा शेवटचा ठोका फक्त त्या तिघांचा आणि चेलोचा ठेवला, बाकी सगळे त्याआधी गज उचलतात. मूळ स्कोअरमध्ये असं नाही, हा बदल माझा, आणि पत्रिकेवर 'मांडणी' असं छापून घेतेय. त्यातली सगळ्यात लहान, पाचवीतली, तो ठोका येईपर्यंत श्वास धरून बसते.

तिसरं व्हायोलिन पाच जणांचं. आख्खं वाक्य उचलण्याचा नियम पाळला, दोन जागी सूर बदलले. धावत्या ओळी वाटून दिल्या तेव्हा पहिल्या तालमीत जोडावर भांडणं झाली, "मॅडम, हा माझा सूर वाजवतो." दोघांचा आहे म्हटल्यावर दोघं हळू वाजवायला लागले. आता बरं आहे.

पेटीला शेजारच्या भजनी मंडळातल्या काकू आल्या आहेत. आकडे शिकल्या. ४ नंतर ३ आलं की त्यांचा चेहरा खुलतो, म्हणतात अगदी विठ्ठलाच्या आरतीत सम आल्यासारखं वाटतं. कॉर्ड लवकर सोडायची सवय अजून लागत नाही, डाव्या हाताला भाता थांबवावासा वाटत नाही.

@षड्ज_पंचम गुरुजी, ती दोघं बैठकीवर बसतात. धाकट्याला चेलोची ओळ गायला शिकवली. आता सा कुठे गेला ते तो मला हात वर करून सांगतो. दोन्ही व्हायोलिनना नव्या जी-डी-ए-ई तारा चढवल्या. तुमची भीती मात्र अगदी खोटी नाही, मोठ्याचा सूर अजून सरकत सरकत जागेवर येतो. काय करू?

षड्ज_पंचम | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.४५

मोठ्याला जलद भागात वाजवू देऊ नका. मधला संथ भाग घेताय का? तिथे द्या. लांब सुरात शिरताना हलकी मींड चालते, आणि सूर धरून ठेवणं आमच्या मुलांना तुमच्यांपेक्षा चांगलं येतं. घरचा रियाज सा-प-सा-प मध्येच करू दे, त्यासाठी दुसरं व्हायोलिन लागेल. माझ्याकडे एक पडून आहे. शहाद्याहून जळगावला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवतो.

गिरणाकाठ | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

गुरुजी, काय बोलू! येऊन नेते मी स्वतः.

लार्गो घेतोय. पण त्यातच शेवटची अडचण आहे. त्या भागात विवाल्दीने बास लिहिलेलाच नाही, साथ फक्त वरच्या वाद्यांची. माझे चेलोवाले दोघं रुसलेत. त्यांना काही लिहून देऊ का?

मूळ_प्रत | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.००

नका देऊ, ताई. कृपा करून नका देऊ. खालचा आधार काढून घेतल्यावर सोलो हवेत तरंगतो, त्यासाठीच तो भाग तसा आहे.

तिसरं_व्हायोलिन | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

यावर मी मूळ_प्रत यांच्या बाजूने. त्या दोघांना सांगा की लार्गो संपून प्रेस्तो, म्हणजे शेवटचा जलद भाग, सुरू होतो तेव्हा सगळी सभा त्यांच्या पहिल्या सुराची वाट बघत असते. म्हणून गज तारेजवळ, तयार.

भुसावळ_जंक्शन | १७ नोव्हेंबर, दुपारी १२.१०

चेलोवाला म्हणून सांगतो, तिथे गप्प बसायला मला फार आवडतं. त्या दोघांना एका रविवारी भुसावळला पाठवा, किंवा मीच येतो. जानेवारीची तारीख कळवा. डबल बास नाही म्हणालात ना, मी चेलोवर खालची ओळ धरतो, त्यांच्या मागे बसून.

गिरणाकाठ | ९ जानेवारी, रात्री ११.५०

आज वाजवलं. लार्गोत चेलोवाली दोघं गज गुडघ्यावर ठेवून बसली होती, मागे भुसावळचे दादा. समोरच्या मैदानात एक बाळ रडत होतं तेही थांबलं. मग धाकट्या चेलोवाल्याने माझ्याकडे न बघता दादांकडे बघितलं, आणि प्रेस्तो सुरू केला. माझा हात अजून वरच होता.

@पांझरा, कोरेल्लीच्या आठव्याचे पार्ट आहेत का तुमच्याकडे? पास्तोरालेसाठी बारा व्हायोलिन, दोन बैठकीचे, दोन चेलो. आणि नव्या वर्षात चार मुलं आणखी आली आहेत, त्यांना अजून मोकळ्या ताराच येतात.